सोळा थरांची वाकळ

चिरंजीव बंधू व्यंकटराव यास थोरली बहीण साखराबाईचा, नांदेडपर्यंत पोचेल एवढा आशीर्वाद. इकडं सगळे जित्ते आहोत, या दुष्काळात त्याहून जास्त विचारू नको. तुझा गुडघा कसा हाय? (बरा हाय म्हणून लिहू नको, तुझ्या बायकोनं, सिंधुनं, मला सगळं कळवलंय.) अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. टँकरच्या हॉर्नकडं कान ठेवून लिहून राहिले. आत्तापर्यंत दोनदा उठून वेशीपर्यंत जाऊन आले. एकदा मन्मथचा ट्रॅक्टर निघाला, एकदा काहीच न्हाई.

तर लातूरचा वेगळा जिल्हा झाला, आणि पगारी माणसाला तिकडं बदली करून घ्यायची घाई सुटली. आमच्या शाळेचा गणिताचा मास्तरही गेला. (जिल्ह्याला हिशेब लागत असेल, आम्हाला काय लागतो!) आता माझी नात, आमच्या ग्यानोबाची शिवकन्या, आठवीत, पुस्तकात घातांक आलेले, आणि शिकवायला कोणी न्हाई. पोरीनं ठरवलं की दुसऱ्याला शिकवलं की आपल्याला येतं. आणि टँकरच्या रांगेत हंड्यामागं दिवसभर बसलेली, पळून जाऊ न शकणारी दुसरी कोण? मी. तिसरी शिकलेली बाई बीजगणिताला लागली.

खोटं कशाला बोलू, पोरीनं समजावलं चांगलं. लुगडं एकदा दुमडलं की दोन थर, पुन्हा दुमडलं की चार, तिसऱ्यांदा आठ. जितक्या घड्या, तितका दोनाचा घात. दोन घड्या घातलेल्यावर आणखी दोन घातल्या की घातांची बेरीज करायची, चार घड्या, सोळा थर. एवढं मला पटलं. मग म्हणाली, शून्य घात म्हणजे एक. मी उठलेच. शून्य म्हणजे काही न्हाई. रिकाम्या हंड्यातून एक घागर निघती का? का ते सांगून राहिली होती, पण मी ऐकायला थांबले न्हाई.

आता खरी गोष्ट. शेजारच्या शांतम्माची (निलंग्याकडची, रागावली की कानडीत, खूश असली तरी कानडीत) लेक रुद्राणी बाळंतपणाला आली. वाकळ शिवायला शांतम्मानं मला दोन जुनी हिरवी लुगडी दिली. मी प्रत्येकाच्या दोन दोन घड्या घातल्या, एकावर एक ठेवलं, आणि भर रांगेत सांगून टाकलं की दोन आणि दोन चार घड्या, म्हणजे वाकळ सोळा थरांची. नागुबाई म्हणाली, "सोळा? बाळंतिणीला देणार का म्हशीला?" मी म्हणाले, तुला घातांक कळायचे न्हाईत, तू हंडा सरकव.

वाकळ झाली. शांतम्मानं कडेनं बोट घालून थर मोजले. आठ.

"अय्यो साखराक्का, आणिक आठ कुठं गेले?"

रांग माझ्याकडं बघून राहिली. नागुबाईनं तर माझ्या अंगावरच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला! व्यंकट्या, ज्या लुगड्याला मी फाटकं कापून तीन ठिकाणी दंड घातलाय, ते चोरीचं?

घरी शिवकन्या म्हणाली, "आजी, घडीवर घडी घातली असतीस तर घातांची बेरीज. तू थरावर थर ठेवलास. चार आणि चार आठ." मी म्हणाले, हळू बोल. कारण ग्यानोबाचं आधीच चाललंय की पोरगी पाण्याच्या रांगेला बसली तर घर चालेल, पुस्तकावर चालत न्हाई. आणि या गणितानं घरात काही बिघडलं तर पुस्तक चुलीत. आता मी रांगेत सांगू कसं, की चुकलं ते माझ्या घातांकात? पोरीचं शिकवणं बरोबर होतं, शिकणारीचं डोकं चुकलं, पण ग्यानोबा एवढी बारीक निवड करायचा न्हाई.

म्हणून मी वाकळ मधोमध दुमडून शांतम्माला दिली. तिनं मोजले, सोळा! खूश होऊन कानडीत काहीबाही म्हणत गेली. घरी रुद्राणीनं पसरली, तर आठ. मग काय विचारतोस! आधी नुसती चोर होते, आता भानामती करणारी झाले. नेता नेता थर गळतात म्हणे. माझ्या हंड्याला कोणी हंडा लावत न्हाई. मी रांगेच्या शेवटी, आणि शेवटी टँकरातून पाणी न्हाई, गाळ येतो.

थांब, हॉर्न वाजला.

(न्हाई. लग्नाची जीप.)

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

तुझी अक्का
साखराबाई

ता.क. पत्र खरं यासाठी, की सिंधुची दोन जुनी लुगडी एसटीच्या कंडक्टरकडं देऊन लगेच पाठव. दोन दोन घड्या घालून वाकळेला जोडते. चार लुगडी, चार चोक सोळा. या वेळी शिवकन्येकडून तपासून घेतलंय.

ता.क. दुसरा. हिरवी पाठवू नको. चोरीचा माल परत केला म्हणतील. आणि ग्यानोबाला कळवू नको. पोरीचं पुस्तक पिठाच्या डब्यात ठेवलंय, तिथं त्याचा हात जात न्हाई.

ता.क. तिसरा. लुगडी घडी न घालता, नुसती गुंडाळून पाठव. शिवकन्या म्हणते, एकही घडी न घातलेलं लुगडं म्हणजेच शून्य घात, आणि तेही अंगावर घेतलं की एक थर असतंच. त्या दिवशी मी थांबले असते तर हेच सांगणार होती. मी अजून हो म्हटलेलं न्हाई. लुगडी पोचली की म्हणेन. न्हाई पोचली, तर शून्य ते शून्यच, आणि तू माझा भाऊ न्हाईस.