छाटलेल्या अंजिरास मृत ठरवल्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
वृक्ष विभाग, नगरपालिका.

विषय : परसातील जिवंत अंजीर तोडण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपला आदेश, दि. ३.
अर्जदार : घर क्र. १७ ची सून, व्यवसाय शिवणकाम.

महोदय,

१. हे अंजीर अर्जदार गेली एकोणीस वर्षे स्वतः छाटते. आधी पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, मग फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून बाकीचे कापायचे, ही रीत तिला सासऱ्यांनी शिकवली. ते उमेदीत माळी होते. आता त्यांच्याने उठवत नाही. खिडकीशी पलंगावर पडून ते काठीने फांदी दाखवतात आणि अर्जदार कापते. दिवसभर त्यांना तेवढे एक झाड दिसते.

२. यंदाच्या छाटणीनंतर पाचव्या दिवशी आपले निरीक्षक आले. झाडाला पान नाही म्हणून त्यांनी उभ्या उभ्या "मृत व धोकादायक" असे लिहिले. हातसुद्धा लावला नाही. त्यावर सासऱ्यांनी खिडकीतून विचारले, की काय हो साहेब, तुम्ही हजामत करून आलात म्हणून तुम्ही मेलात असं समजायचं का? प्रश्न रास्त होता. अहवालात तो "सरकारी कामात अडथळा" म्हणून नोंदला असून सासऱ्यांकडे माफीनामा मागितला आहे. तो ते देणार नाहीत, आणि दिला तर अर्जदार फाडून टाकील.

३. अंजिराबरोबरच छाटलेल्या कुंपणाच्या जास्वंदीवर मात्र "बेसुमार वाढ" असा शेरा आहे, कारण निरीक्षकांची बाही तिच्यात अडकली. एकाच कात्रीने एक झाड मेले आणि दुसरे माजले, हे अर्जदाराच्या डोक्यात शिरत नाही.

४. अर्जदाराने कचेरीत तीन खेपा घातल्या. झाड जिवंत असल्याचा दाखला आणा, म्हणाले. दाखला निरीक्षक देतात, आणि निरीक्षक मेलेल्या झाडाची फेरपाहणी करत नाहीत.

५. आज सकाळी अंजिराला कोंब फुटले. सासऱ्यांची नजर अधू, म्हणून अर्जदाराने एक फांदी वाकवून खिडकीत आणली. त्यांनी कोंबावरून बोट फिरवले आणि डोळे पुसले. अर्जदारालाही रडू आले. हे अर्जात लिहिण्याचे कारण नाही, तरी लिहिले आहे.

६. गुरुवारी आपले पथक करवत घेऊन येणार आहे. खुशाल यावे, फाटक उघडे असेल. मात्र आधी पथकातील एकाने आत पलंगाशी जावे, हे झाड मेलेले आहे असे त्या म्हाताऱ्या माळ्याला तोंडावर सांगावे, आणि मगच करवत लावावी. कोणाची जीभ उचलते, ते अर्जदारास पाहायचे आहे.

एरवी आपली नम्र,
(सही)
दि. १४