माझ्या पश्चात कोणता फोटो लावावा

मी, खाली सही करणारा, वय बावन्न, धंदा छत्रीदुरुस्ती, शिक्षण स्वतःचे स्वतः केलेले, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायदा गुडघ्याबद्दल विचारत नाही. वकिलाच्या मसुद्यात चुका फार सापडल्या, म्हणून स्वतःच बसलो.

कलम १. शिवणयंत्र वहिनींना. मी मिशी घेऊन पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा सगळे भिंतीकडे बघत बसले. आदल्या भेटीपर्यंत मी त्यांची नणंद होतो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, साखर किती घालू?" चहा गोडमिट्ट झाला होता, हेही नमूद करतो.

कलम २. अंमलबजावणी शेजारच्या न्हाव्याने करावी. माझी पहिली दाढी त्याने केली. गालावर केस नावापुरते, तरी पठ्ठ्याने साबण, गरम पाणी, तुरटी सगळे लावले आणि म्हणाला, "शेठ, आता रोज यावं लागणार!"

कलम ३. दादाच्या झोपायच्या खोलीला लागून असलेली माझी खोली दादाला, पण अटीवर. त्याच्या कपाटात माझा अठराव्या वर्षीचा फोटो आहे: फ्रॉक, दोन वेण्या, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा. मागे भांडणात तो म्हणाला, "मेल्यावर हाच लावणार. तू काय बघायला येणार आहेस?" तेव्हापासून मला मरणाची भीती नाही, त्यानंतरच्या दुपारची आहे. म्हणून जाकिटातला, मिशीवाला फोटो लावावा आणि जमलेल्यांना 'माझा धाकटा भाऊ गेला' असे सांगावे. नाहीतर खोली समोरच्या बँडवाल्यांना, सरावासाठी.

दादा म्हणतो, "कापड बदललं, दांडा बदलला, तरी छत्री तीच ना? मग तू बहीणच." छत्र्यांबद्दल मला शिकवू नये. एक गिऱ्हाईक वर्षानुवर्षे मिटलेली छत्री काठी म्हणून टेकत होते. मी ती उघडून दिली तर खवळले, "माझ्या काठीचं काय केलंत?" काहीच केले नव्हते. ती पहिल्यापासून छत्रीच होती. 'तुला हे कळलं कसं?' असे मला सगळे विचारतात. मी दादाला विचारले, "तू पुरुष आहेस हे तुला कसं कळलं?" बराच विचार करून म्हणाला, "आई म्हणाली होती."

ताजा कलम. सह्यांच्या वेळी दुसऱ्या साक्षीदार म्हणून ठरलेल्या घरमालकीणबाईंना उशीर झाला आणि दादा आला. कलम ३ त्याने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, "मेल्यावर कशाला सांगू? पेन आण इकडे." मी बजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, खोली जाईल. "जाऊ दे," म्हणाला, "फक्त बँडवाले नकोत." तेवढे खोडले आहे. खोलीचे पुन्हा लिहावे लागेल.

स्थळ: दुकानाचा पोटमाळा. दिनांक: ९ नोव्हेंबर.

सही: छत्रीवाला

साक्षीदार १: न्हावी, शेजारचे दुकान.

साक्षीदार २: माझ्या धाकट्या भावाने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर आहे. आगाऊ आहे, पण शुद्धीवर आहे.