मुद्दा पहिल्या ओळीत

मुलींचं वसतिगृह, झोम्बा
१४ जून २००३

आदरणीय लास्टनमामा,

तुम्ही बरे असाल तर मीही बरी आहे. मामी, पोरं, शेळ्या सगळी बरी असतील तर फारच बरी. सरोवराला यंदा मासळी कशी आहे? मका घरात येऊन पडला का? आजीचा गुडघा थंडीत पुन्हा धरला असेल. इथे डोंगरावरून रोज गार भुरभुर उतरते आणि धुतलेले कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात. मी आईचं जुनं लुगडं पांघरून अभ्यासाला बसते.

जेवणात मक्याच्या पिठाचा तोच न्सिमा आणि घेवडा, दुसऱ्या दिवशी घेवडा आणि न्सिमा. जानेवारीत निघताना आईनं सुक्या मासळीचा डबा दिला होता, त्यात तळाला मूठभर उरली आहे. ती मी खात नाही. अधूनमधून झाकण उघडून वास घेते. माझ्या खोलीतली तामांडा म्हणते की या वासानं आपल्याला नवरे मिळणार नाहीत. ती शनिवार-रविवार घरी जाते. तेव्हा दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि मीही कुणाशी बोलायला जात नाही.

आता अभ्यासाचं. पहिल्या वर्षाला इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं आहे. त्यात नापास झालं की गाशा गुंडाळून घरी. वाचायला एक जाडजूड कादंबरी नेमली आहे. ग्रंथालयात तिची एकच प्रत आणि आम्ही साठ जण, म्हणून प्रत्येकाला दोन तास मिळतात. माझा नंबर नेमका जेवणाच्या वेळी लागतो. सुटलेली प्रकरणं तामांडा सांगते, पण ती मध्ये आपल्या मनची लग्नं घुसडते. मागच्या चाचणीत मी एका पात्राला तीन मुलं लिहून आले. पुस्तकात ते बिचारं ब्रह्मचारी निघालं.

लिहिण्याची तर वेगळीच गंमत. न्यिरेंडामॅडमनी पहिला निबंध दिला, ‘जवळच्या एका माणसाविषयी लिहा.’ मी आईवर लिहिला. आपल्याकडे चार माणसांची विचारपूस केल्याशिवाय कुणी तोंड उघडतं का? मीही आधी वाचणाऱ्याची खुशाली विचारली, त्यांच्या घरच्यांची, त्यांच्याकडच्या पावसाची. दुसऱ्या पानावर आई आली. मॅडमनी पहिल्या पानावर लाल तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘मी बरी आहे. आता तुला काय म्हणायचं आहे ते सांग.’ नापासाचे गुण, आणि पुन्हा लिहून आणायचा. त्यांचा नियम असा की मुद्दा पहिल्या ओळीत यायला हवा. नमनाला घडाभर तेल चालत नाही. मला ते फार उद्धट वाटलं. कुणाच्या अंगणात शिरून न बसता, पाणी न पिता बोलायला लागावं, तसं.

मामा, एप्रिलचं तुम्ही अजून विचारलं नाहीत, तरी सांगते. आई गेल्याची खबर तुम्ही रेडिओवर द्यायला लावलीत ते मला नंतर कळलं. वॉर्डनबाईंचा रेडिओ त्या आठवड्यात बिघडला होता. मावशीच्या मलितानं कळवलं की तुम्ही दुपारपर्यंत माती थांबवून धरलीत आणि प्रत्येक मिनीबस आली की रस्त्यापर्यंत जाऊन पाहत होतात. वाचून फार वाईट वाटलं.

आईच्या दुखवट्याचे केस उतरवण्याचा दिवस ऑगस्टमध्ये धरला आहे असं ऐकते. दिवस तुम्ही ठरवणार, आणि केस उतरवायला रांगेत कोणी बसायचं तेही तुम्हीच. सहज विचारलं.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची भाची,
एस्नात

-----

१५ जून २००३

मामा,

मी रेडिओ ऐकला होता.

कालचं पत्र टाकायला पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. ते याच्या मागे टाचलं आहे. पक्क्या लेखनाला कच्चं जोडायचं, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते तपासणाऱ्याला कळतं, असा मॅडमचा नियम आहे. काल मी ताकाला गेले आणि भांडं लपवलं.

मंगळवार होता. संध्याकाळी पाचला मयताच्या खबरा लागतात. मी वॉर्डनबाईंच्या पडवीत इस्त्री करत होते. आधी आईचं नाव आलं, मग गावाचं, मग तुमचं. मग, ‘ही खबर झोम्बाच्या कॉलेजातली मुलगी एस्नात म्वाले हिला पोचावी, ती आल्यावर माती होईल.’

वॉर्डनबाईंनी आवाज कमी केला. म्हणाल्या, “तूच ना गं ती?”

मी म्हटलं, “नाही बाई. म्वाले खूप आहेत.”

आणि बाही इस्त्री करत राहिले.

आईवरचा तो निबंध पुन्हा लिहून बुधवारी बारापर्यंत द्यायचा होता. त्यात पुन्हा नापास झाले असते तर इथलं सगळं संपलं असतं, हे खरं आहे. पण मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी दोन दिवस दिले असते, हेही खरं आहे. निबंधाचा आडोसा मी घेतला. मला भीती वाटली, मामा. मी आले असते तर ती गेलेली असती. सकाळची पहिली बस निघून गेली तेव्हा मी टेबलापाशी बसले आणि पहिली ओळ लिहिली, ‘माझी आई मासे वाळवताना कावळ्यांशी भांडते.’ ‘भांडते’, ‘भांडायची’ नाही. ती कावळ्यांना शिव्या देते, मग एक मासा त्यांच्याकडे टाकते, मग मला ओरडते की तुझ्यामुळे दिला. सगळं चालू होतं. तुम्ही रस्त्यावर उभे होतात तेव्हा मी तिला जेवायला वाढत होते.

शंभरात अडुसष्ट मिळाले. मॅडमनी खाली लिहिलं, ‘आता मला त्या दिसतात. सुट्टीत घरी गेलीस की त्यांना हे वाचून दाखव.’

ते वाचल्यापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. पुढच्या दोन निबंधांना शून्य आहे.

मला रांगेत बसवा. सगळ्यांच्या मागे, परक्या माणसांच्याही मागे बसवा, पण आईसाठी माझे केस उतरवू द्या. मग मी तिच्या मातीपाशी जाईन आणि निबंध आपल्या बोलीत वाचेन. बसवायचं नसेल तर तसं कळवा. मी रागावणार नाही, तेवढा हक्क मला उरलेला नाही. फक्त खुशाली विचारत बसू नका. हो की नाही, ते पहिल्या ओळीत लिहा.

तुम्ही बरे असा किंवा नसा, मी बरी नाही.

रेडिओवर जिचं नाव घेतलंत ती मीच,
एस्नात म्वाले