उजवीकडून डावीकडे

दि. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आई ठीक आहे. बाबांच्या उजव्या हाताची थरथर मात्र आता लपत नाही. मागच्या आठवड्यात तयार कपाटाच्या दारावर खाच कोरताना हातातलं राउटर मशीन घसरलं आणि कडेला लांब चर पडला.  बाबांनी नवं दार स्वतः केलं, पण दोन दिवस जेवताना मान वर केली नाही.

म्हणून राउटर टेबल करावं म्हणतो. मशीन टेबलाखाली उलटं पक्कं बसेल, लाकूड कापणारं बिट तेवढं वर येईल, हाताने फक्त लाकूड सरकवायचं. हात थरथरला तरी मशीन हलणार नाही. तयार टेबल घ्यावं की घरी करावं? उंची किती ठेवावी? असे अकरा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. बाबांना अजून बोललो नाही. त्यांना वाटेल, पोरगा आपला हात मोजतोय.

आपला लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.
आपला पुतण्या

दि. ११ मार्च

चि. पुतण्यास,
अ. उ. आ.

अकरा प्रश्न! शाळेत एवढी उत्तरं दिली असती तर मी सुतार कशाला झालो असतो? काकू म्हणते, हा मुलगी बघायला गेला तर तिलाही प्रश्नपत्रिका देईल.

स्वस्तातलं तयार टेबल घेऊ नकोस. पातळ असतं, मशीनच्या वजनाने मधे वाकतं. प्लायचे दोन थर चिकटवून तक्ता कर, वर सनमायका लाव. मशीन धरणारी प्लेट विकत घे आणि तक्त्याशी इतकी एकसपाट बसव की सांध्यावर नख अडू नये. मागे लाकूड टेकवायला सरळ पट्टी, बिटावर झाकण, बटण गुडघ्याने बंद होईल असं खाली. उंची दादाच्या अंगाने घे, तुझ्या नव्हे. तू ताडमाड.

एक गोष्ट मात्र त्याला तोंडाने सांग. चाळीस वर्षं तो हातातला राउटर डावीकडून उजवीकडे नेत आला आहे. टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं असतं. उलट नेलं तर बिट लाकूड हिसकावतं आणि मागोमाग हात जातो. दादाला कुणी शिकवलेलं खपत नाही, तरी सांग.

वहिनींना नमस्कार. प्रश्नांसकट तुझ्यावर लोभ असणारा,
काका

दि. ९ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

टेबल आपण सांगितलं तसंच केलं. प्लेटच्या एका कोपऱ्याखाली कागदाचा कपटा घातला तेव्हा नख अडायचं थांबलं. बाबांनी तक्त्यावरून हात फिरवला आणि चांगलं झालंय म्हणाले. ते मला असं कधी म्हणत नाहीत. त्यानंतर लगेच त्यांना शिकवायला जीभ रेटेना. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

गुरुवारी एक गिऱ्हाईक बाई आल्या. पोराने केलंय म्हणून बाबा त्यांना टेबल दाखवायला लागले. बिट नीट दिसावं म्हणून त्यांनी झाकण वर केलं, मशीन सुरू केलं आणि लाकडाची एक पट्टी डावीकडून आत सरकवली. मी दोन हातांवर उभा होतो. मला दिसलं. परक्या माणसासमोर बापाची चूक कशी काढायची, एवढाच विचार मनात आला. तेवढा वेळ पुरला.

पट्टी झेपावली आणि मागचा डावा हात बिटावर गेला. दोन बोटं गेली, तिसरं अर्धं. काका, थरथरणारा हात शाबूत आहे. धड होता तो गेला.

बाबा सगळ्यांना सांगतात की लाकूड ओलं होतं. आपलं पत्र त्या वेळी माझ्या खिशात होतं. कोणत्या तोंडाने लोभ मागू?
आपला पुतण्या

दि. १६ एप्रिल

चि. पुतण्यास,
अ. उ. आ.

तुला शिव्या देणारी दोन पत्रं लिहून फाडली. इथून सहा तासांवर आहात. मी येऊन सांगू शकलो असतो. दादाला भिऊन ते काम तुझ्या गळ्यात घातलं. तेव्हा निम्मा दोष माझा.

पण आता त्याला सगळं सांग. नाहीतर तो समजेल की आपल्यालाच लाकूड कळेनासं झालं, आणि पुन्हा दुकानात पाय ठेवणार नाही. ओरडेल. ओरडू दे.

माया उणी झालेली नाही.
काका

दि. ५ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. आपलं पत्रही वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून हात हवेत उजवीकडून डावीकडे सरकवून पाहिला आणि मान हलवली. मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो. ते ओरडले नाहीत.

आता रोज दुकानात येतात, स्टुलावर बसतात. काल दार बसवताना मी मुद्दाम बिजागरी उलटी धरली. पूर्वी अशा वेळी मला गाढवापासून सुरुवात व्हायची. ते वाकून बिजागरीकडे बघू लागले. मग अगदी हळू विचारलं, की हल्ली असंच लावतात का.

आपण येऊन जावं. त्यांना माझ्यावर ओरडायला लावता आलं तर फार उपकार होतील.
आपला पुतण्या