आतून ऐकू येणारा खेळ

॥ श्री ॥

फिशपॉन्ड्स, ब्रिस्टल
९ सप्टेंबर २०२५

चि. नकुल यास अनेक उत्तम आशीर्वाद. सौ. सारालाही.

वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायचं तर कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि नाही मारली तरी तू ‘ऑल गुड, आई’ म्हणून ठेवून देतोस. युनिव्हर्सिटीत होतास तेव्हा बाबांच्या धाकाने महिन्याला एक मराठी पत्र लिहायचास, त्यात निदान दोन पानं तरी भरायची. म्हटलं, जुनी वाटच बरी. उत्तर पेनाने लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. टाइप केलेलं चालणार नाही.

इकडची बातमी म्हणजे परसातल्या रनर बीन्सच्या शेंगा. यंदा इतक्या लागल्या आहेत, की मी पिशवी घेऊन निघाले की शेजारी दार उघडत नाहीत. बाकी परवा रविवारी सहा वाजता सवयीने टीव्ही लावला. ह्यांचं अमेरिकन फुटबॉल. फेब्रुवारीत हे गेल्यापासून लावला नव्हता. सवयीनेच भज्यांचं पीठ भिजवलं, तेही दोघांचं, आणि कढईपुढे उभी राहिल्यावर कुणासाठी तळायचं ते कळेना. तीन भजी खाल्ली आणि उरलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा सांग, मैदानावर ती पिवळी रेघ कोण मारतं, आणि इतक्या पटकन पुसून पुढे कोण मारतं? चारच वेळा प्रयत्न का? आणि चौथ्या वेळी हातातला चेंडू लाथ मारून शत्रूला का देऊन टाकतात?

आणखी एक. फेब्रुवारीपासून तू पाचदा आलास. पाचही वेळा शनिवारी आलास, आणि रविवारी जेवून हात वाळायच्या आत गाडीत बसलास. तक्रार करत नाही. पण एखाद्या रविवारी सहा वाजता तू इथे असावास असं फार वाटतं. त्या वेळेला घर खायला उठतं.

कळावे. माया आहेच, उत्तर तेवढं येऊ दे.
तुझी आई

—

ब्रॅकनेल
२० सप्टेंबर २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

हे सगळे शॉर्टफॉर्म बाबांनी पाठ करून घेतले होते, अजून आठवतात. बाकी माझी मराठी गंजली आहे. लाल पेनने करेक्ट करून परत पाठवू नकोस, प्लीज.

पिवळी रेघ मैदानावर नसतेच. टीव्हीवाले ती कॉम्प्युटरने काढतात, कुठपर्यंत पोचायचं ते आपल्याला दाखवायला. स्टेडियममधल्या लोकांना ती दिसत नाही. चार चान्स मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये ती बॉल दहा यार्ड पुढे गेली तर परत नवीन चार मिळतात. तीनमध्ये जमलं नाही, की बहुतेक वेळा लाथ मारतात, म्हणजे समोरच्याला ती मिळते, पण लांब, त्याच्याच टोकाला. त्याला पंट म्हणतात. बाबा म्हणायचे, तीनदा जीव तोडून प्रयत्न करावा, चौथ्यांदा मान राखून माघार घ्यावी.

रविवारचं जरा अवघड आहे. ऑफिसात नवीन सिस्टिम चालू होते आहे, सोमवारी सकाळी आठला मीटिंग असते, आणि रविवारी संध्याकाळी एम फोर मोटरवेवर भयंकर ट्रॅफिक असतो. नोव्हेंबरमध्ये बघू. सारा म्हणते, रनर बीन्स आम्हाला चालतील.

माझ्यावर रागावू नये, ही विनंती.
तुझा नकुल

—

फिशपॉन्ड्स
३० सप्टेंबर २०२५

चि. नकुल, अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. लाल पेन काढलं नाही. फक्त एवढंच सांगते, की बॉल ‘तो’ असतो. इंग्रजीत त्याला काहीही असू दे, आपल्या घरात तो पुरुष आहे.

परवाच्या मॅचमधली एक गोष्ट विचारायची आहे. निळ्यांना फक्त एक यार्ड हवा होता. सगळे धिप्पाड गडी एकमेकांना चिकटून ओणवे झाले. आता हे घुसणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण डावीकडून तिसरा जो होता, त्याचा भार टाचांवर होता. जमिनीला बोटं नुसती टेकलेली, बोटांची पेरंही पांढरी पडली नव्हती. घुसायचं असतं तर माणूस असा बसेल का? आणि झालं तसंच. चेंडू बाजूच्याला दिल्याची हूल दिली आणि लांब फेकला. समोरचे अकराच्या अकरा फसले. एवढं ढळढळीत दिसत असताना ते फसले कसे? आणि याला म्हणतात काय?

एम फोरवरच्या ट्रॅफिकचं वाचलं. मीही चाळीस वर्षं याच देशात राहते आहे, मॅच संपेपर्यंत तो किती उरतो ते मला माहीत आहे. असो. नोव्हेंबर तर नोव्हेंबर.

जपून राहा, आणि आईचा विसर पडू देऊ नकोस.
आई

—

ब्रॅकनेल
११ ऑक्टोबर २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न तीन वेळा वाचला. त्याला प्ले-अ‍ॅक्शन म्हणतात. पण खरं सांगतो, मला फक्त नाव येतं. मागच्या पत्रातलं निम्मं मी इंटरनेटवर बघून लिहिलं होतं. तीस वर्षं मी फॅन म्हणून मिरवतो आहे, पण बॉल कुणाकडे आहे हेसुद्धा मला रिप्ले बघितल्यावर कळतं.

मग मी ऑफिसात लंचला विचारलं. आमच्याकडे सहा जण पक्के फॅन आहेत. त्यातला आर्यन तर शुक्रवारी जर्सी घालून येतो. कॉमेंटेटर दर मॅचला दहा वेळा ‘कव्हर टू’ म्हणतो, ते काय असतं असं मी विचारलं. सहा जणांनी सहा उत्तरं दिली, त्यातली दोन एकमेकांच्या बरोबर उलट. शेवटी आर्यन म्हणाला, की तो दहा वर्षं नुसती मान हलवतो आहे, कारण बाकीच्यांना सगळं कळतं असं त्याला वाटायचं. बाकीचे म्हणाले, त्यांचंही तेच. कुणीच कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मग मी तुझं पत्र त्यांना इंग्रजीत सांगितलं, टाचांचं आणि बोटांचं. आर्यनने ती मॅच शोधून काढली, थांबवली. डावीकडून तिसरा. तू म्हणालीस तसाच बसला होता. आता आर्यन विचारतो आहे, की माझी आई कोच होती का.

आई, तुला हे कसं कळलं? आणि तुला या खेळातलं काही कळत नाही असं आपल्या घरात कोण म्हणायचं? मला आठवत नाही.

उत्तर लवकर पाठव, सारालाही उत्सुकता आहे.
नकुल

—

फिशपॉन्ड्स
१७ ऑक्टोबर २०२५

चि. नकुल, आशीर्वाद.

वि. वि. तुला आठवणार नाही, तू सात वर्षांचा होतास. तसं म्हणाले ते तुझे बाबा. १९८६चा हिवाळा. चॅनेल फोरवर रविवारी संध्याकाळी तो खेळ लागायचा. ह्यांचा ऑन-कॉल नसला की तुम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, आणि मधल्या जागेवर भज्यांची ताटली. मी गरम घाणा घेऊन बाहेर आले आणि पडद्याकडे बघून म्हटलं, आता हे लांब फेकणार. हे हसले आणि म्हणाले, की तुला काय कळतंय त्यातलं, तू आतली कढई बघ, भजी करपतील. वाईट हेतू नव्हता, थट्टाच होती. त्यांनी फेकलाच लांब, पण तोवर मी आत पोचले होते. त्यानंतर मी तो खेळ स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या खिडकीतूनच पाहिला, जिच्यातून ताटल्या बाहेर देतो तिच्यातून.

मिरजेला शाळेत मी खो-खो खेळायचे हे तुला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या संघातून खेळले, हे कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. खो मिळालेल्या मुलीचा खांदा वळला की तिची दिशा बांधली गेली, मग तिला फिरता येत नाही. आम्ही तोंडाकडे बघायचोच नाही, खांदा आणि पाय बघायचो. पुढे इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं फिजिओथेरपी केली, म्हणजे माणसाचा भार कुठल्या पायावर आहे हे बघण्याचाच पगार घेतला. ते धिप्पाड गडी माझ्यापासून काय लपवणार? मी आत तळता तळता पुटपुटायचे, आता हूल, आता घुसणार, आता लाथ. कुणी ऐकावं म्हणून नव्हे.

तू युनिव्हर्सिटीत गेलास तेव्हा वाटलं, आता सोफ्यावर जागा झाली, आता हाक येईल. दर रविवारी वाटायचं. मला बसायला कुणी मनाई केली नव्हती, हेही खरं. पण न बोलावता बसायचं नाही अशी गाठ मी मनाशी मारून ठेवली होती, आणि ती मला सोडवता आली नाही. आता हाक मारणारंच कुणी राहिलं नाही. अख्खा सोफा रिकामा आहे, नकुल, आणि मी अजून आतूनच बघते.

प्रश्न विचारले ते तुझी पत्रं यावीत म्हणून. पिवळ्या रेघेचं मात्र खरंच माहीत नव्हतं.

खोटेपणाची क्षमा असावी, प्रेम कमी होऊ नये.
आई

—

ब्रॅकनेल
१ नोव्हेंबर २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

जानेवारीत बाबा हॉस्पिटलात होते, तेव्हा रविवारी मी तुला दुपारी बळेच घरी पाठवायचो. सहा वाजता मी टॅब्लेटवर मॅच लावायचो. घरी बाबा आधीच सांगायचे, आता हे होईल, आता ते होईल, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. हॉस्पिटलात ते काहीच सांगेनात. मी विचारलं, दमलात का? ते म्हणाले, ‘आतून काही ऐकू येत नाही रे इथे.’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांना तो खेळ कधीच कळला नव्हता. तू आत पुटपुटायचीस, ते ऐकायचे आणि मला सांगायचे. म्हणून ते सोफ्याच्या त्या खिडकीकडच्या टोकाला बसायचे. म्हणून टीव्हीचा आवाज नेहमी बारीक असायचा. मला वाटायचं, शेजाऱ्यांसाठी.

मी विचारलं, मग आईला बाहेर का नाही बोलावलंत? ते म्हणाले, की सुरुवातीला मुलासमोर कमीपणा वाटला. नंतर इतकी वर्षं गेली, की बोलवायचं तर आधी सगळं कबूल करावं लागलं असतं, आणि तो धीर झाला नाही. मला म्हणाले, तू सांग तिला. मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी ते नव्हते.

आपल्या घरात सहा वाजेपर्यंत थांबलो असतो तर मला हे सांगावं लागलं असतं, म्हणून जेवून निघायचो. ट्रॅफिक वगैरे काही नसतं. भीती वाटायची, की तू त्यांच्यावर रागावशील, आणि उत्तर द्यायला आता ते नाहीत. मला त्यांची खूप आठवण येते, आई. त्या टीव्हीच्या खोलीत सर्वांत जास्त येते.

मी रविवारी येऊ का?
तुझा नकुल

—

फिशपॉन्ड्स
४ नोव्हेंबर २०२५

चि. नकुल, अनेक आशीर्वाद.

वि. वि. हो, रागावले. पत्र आलं त्या दिवशी ह्यांच्या फोटोला फूलही वाहिलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस माझा शब्द न् शब्द ऐकत होता, आणि मला वाटत होतं मी भिंतीशी बोलते आहे. एक हाक मारायची होती. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं. मुलासमोर मी त्यांना खाली पाहायला लावलं नसतं रे, हळूच कानात सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ते टीव्हीच्या आवाजाचं आठवलं. मीच आतून कितीदा ओरडले असेन, की जरा मोठा करा, मला इथे काही ऐकू येत नाही. ते कधी करायचे नाहीत. मी त्यांना हट्टी म्हणायचे. तिथेच ओट्याला टेकून खूप रडले, आणि मग फोटोला फूल वाहिलं.

तर रविवारी, नऊ तारखेला ये, आणि सोमवारची मीटिंग पुढे ढकल. सोफ्यावर मी बसणार आहे, ह्यांच्या जागी, खिडकीकडच्या टोकाला. भजी तू तळायचीस. पीठ मी भिजवून ठेवीन, बटाट्याचे काप पातळ कर आणि गॅस मोठा ठेवू नकोस. आतून जे दिसेल ते बोलत राहा, चुकलं तरी चालेल. टीव्हीचा आवाज मी बारीक ठेवते.

ओवा संपला आहे, तेवढा येताना आण.

वाट बघते.
आई