मांबळमच्या गॅलरीतला फोटो

पश्चिम मांबळम, चेन्नई
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. कांत यास,
सुनंदाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? पाकीट न फोडता परत पाठवायचं मनात आलं असेल तर तो विचार तासभर बाजूला ठेव. अकरा वर्षांनी लिहितेय. तुझी शुगर, तुझी रिटायरमेंट, रुचाचं सासर, सगळं ऊर्मीकडून कळत असतं. आपल्या दोघांच्या पोरी आपापसात बोलतात हे फार बरं आहे. रुचाच्या लग्नाची पत्रिका आली नाही म्हणून मी बरेच दिवस फुगून बसले होते. आता तसं काही नाही.

मी बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. तुमच्याकडे आता स्वेटर निघाले असतील, आमच्याकडे मात्र पाऊस आत्ताच असतो. गल्लीत घोटाभर पाणी आहे आणि ते ओसरलं की दुसरा पाऊस येतो. भाजीवाला तरीही येतो. टोमॅटो महाग आहेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं म्हणशील. फोन मी बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. हसू नकोस. मला त्याला हात लावायची भीती वाटते.

तुला माझं फेसबुकवरचं सदर माहीत असेल, 'मांबळमची गॅलरी'. बँकेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलं. दर बुधवारी मराठीतून चेन्नईबद्दल लिहायचं. इथल्या पुढाऱ्यांचे दोन मजली कटआउट, फुकट वाटलेले मिक्सर, भाषेवरून चाललेली भांडणं. तिकडे महाराष्ट्रात भाषेवरून कुणी कुणाच्या थोबाडीत मारली की मी इथून दोन्ही बाजूंना अक्कल शिकवायची. शेजाऱ्यांनाही सोडलं नाही. वॉर्डातल्या पक्षाच्या सेक्रेटरीला, ज्याला सगळी गल्ली 'अण्णन', म्हणजे थोरला भाऊ, म्हणते, मी एकदा 'पांढरी वेष्टी नेसलेला पोळ्याचा बैल' म्हटलं होतं. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक खूश, मी खूश. इथे कुणाला मराठी येतंय! समोरचे बालाजीराव आणि त्रिपुरसुंदरीबाई तंजावूरचे मराठी, पण ते बोलतात मराठी आणि वाचतात तमिळ. मला वाटायचं, मराठी म्हणजे आतून कडी लावलेली खोली. आत बसून काहीही बोलावं.

त्रिपुरसुंदरीबाई गेल्या, कांत.

सोळा तारखेला, रविवारी. अण्णनच्या नातीचा कान टोचायचा समारंभ होता. त्यासाठी आदल्या दिवशी गल्लीभर दिव्यांच्या माळा आणि लोखंडी कमान. वीज घेतली रस्त्यावरच्या दिव्याच्या पेटीतून, झाकण उचकटून. शनिवारी रात्रभर पाऊस पडला. पहाटे बाई नेहमीसारख्या अंगणातलं पाणी झाडूने लोटून कोलमची रांगोळी काढायला बाहेर आल्या. कमानीचा एक खांब त्यांच्या पायरीला टेकलेला होता. मी दूध तापवत होते, तेव्हा बालाजीरावांची हाक ऐकली. पोचले तेव्हा त्या कुशीवर पडल्या होत्या आणि तांदळाच्या पिठीचा डबा पाण्यात तरंगत होता. खांबाला तार नव्हती. तासाभरात सगळी गल्ली म्हणायला लागली की हार्ट अटॅक.

दुपारी समारंभाच्या हॉलवर नादस्वरम वाजत होतं. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं.

त्या बाई मला 'सुनंदाबाई' म्हणायच्या, आपल्या आजीच्या वेळचं मराठी बोलायच्या आणि दर संक्रांतीला तिळगूळ मागून न्यायच्या. माझं डोकं फिरलं. त्यात सोमवारी सेल्वी मला जिन्यात भेटली. सेल्वी आमची इस्त्रीवाली. कोपऱ्यावर पुंगाच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखाली तिची हातगाडी असते, अजून कोळशाचीच इस्त्री वापरते. कोळसे पेटवायला ती पहाटे येते. तिने पाहिलं होतं. बाई पडल्या, आणि कुणी धावायच्या आत अण्णनची दोन माणसं आली, तार ओढून काढली, गुंडाळली आणि स्कूटरवर टाकून गेली. "बँकम्मा, तुम्हालाच सांगते," ती म्हणाली. "यारकिट्टयुम सोल्लादींग." कुणाला सांगू नका.

मी बुधवारी लिहिलं. तिचं नाव घातलं नाही, एवढी अक्कल होती. 'गल्लीत दिवसभर उभं राहणाऱ्या कुणीतरी पाहिलं आहे' असं लिहिलं. अण्णनबद्दल जे लिहायचं ते सगळं लिहिलं. आणि नेहमीप्रमाणे आत बसून बोलतेय असं समजून झोपले.

वरच्या मजल्यावर प्राणेश म्हणून मुलगा राहतो, पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चांगला आहे. त्याने फोनवर बटण दाबलं आणि माझा मजकूर तमिळमध्ये वाचला. अगदी बरोबर भाषांतर, कांत, माझी एकही शिवी गळली नव्हती. त्याला ते इतकं आवडलं की त्याने ते गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी मला जिन्यात म्हणतो, "आंटी, सूपर!" त्याच्याकडे बघत मी तिथेच पायरीवर बसले.

शनिवारी अण्णन आला. बरोबर दोघं. चपला बाहेर काढून आत आले, मला वाकून नमस्कार केला. मी कॉफी केली. तो म्हणाला, "अम्मा, नल्ला एळुदुरींग." छान लिहिता. मग भिंतीवरच्या ऊर्मीच्या फोटोकडे बघून विचारलं, मुलगी पुण्यात ना? बाणेरला? मी त्याला बाणेर कधीच सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, तुम्ही तीस वर्षं इथे राहताय, कुणी कधी तुम्हाला परकं म्हटलंय का? आवाज अगदी मऊ. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग. त्याच्या समोर मी पोस्ट काढून टाकली. माझ्या हातून फोन घेऊन एकाने फोटोही पुसले. कॉफी संपवून गेले.

तेव्हापासून भीती म्हणजे काय ते मला कळतंय. मी भितेय, हे लिहायला आता लाज वाटत नाही. समोर एक मोटरसायकल उभी असते, हँडलला पक्षाचं छोटं निशाण. बेल वाजते, दार उघडलं तर कुणी नसतं. यांच्या जुन्या चपला माळ्यावरून काढून दाराबाहेर ठेवल्यात, घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. यांना जाऊन सहा वर्षं झाली. टीव्ही आवाज बंद करून बघते. गॅलरीत जात नाही, कपडे आत वाळतात आणि कुबट वास मारतात. येत्या उन्हाळ्यात निवडणूक आहे, चौकात रोज भाषणं होतात, आणि ज्या बाईला प्रत्येक पुढाऱ्याबद्दल मत होतं ती खिडक्या लावून घेते.

बालाजीरावांकडे गेले होते. म्हटलं, तुम्ही तक्रार द्या, मी बरोबर येते. म्हाताऱ्याने बायकोच्या रिकाम्या झोपाळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नोको, बाई. आम्ही तीनशें वर्षं इकडे आहों. आम्ही पण ह्या गोष्टी बोलत नाहों." मला रडू आलं. त्याने माझ्या हातात साखर दिली, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून.

आता मघाशी जे लिहायचं टाळलं ते लिहिते.

शनिवारी अण्णनने आणखी एक विचारलं होतं. उठता उठता, दारात. "अम्मा, कुणी बघितलं?" एवढंच. धमकी नाही, हात उगारला नाही. मी म्हणू शकले असते की ऐकीव आहे. म्हणू शकले असते, आठवत नाही, म्हातारी झाले. मी म्हटलं, "इस्त्रीवाली."

त्याला दुसऱ्यांदा विचारावंही लागलं नाही.

रविवारी सेल्वीची गाडी नव्हती. झाडाखाली राखेचा काळा डाग आणि गाडीच्या चाकांना लावायच्या दोन विटा. मंगळवारी प्राणेशने सांगितलं, भाषांतर फार ठिकाणी फिरलं, त्यामुळे पोलिसांना चौकशी सुरू करावी लागली. आणि आता चार माणसं सांगतायत की ती तार सेल्वीची होती. गाडीवर बल्ब लावायला तिनेच पेटीतून वीज चोरली आणि बाई तिच्यामुळे मेल्या. कोळशाची इस्त्री करणारी बाई, कांत! अंधार पडायच्या आत गाडी झाकून घरी जाते ती. तिला रोज ठाण्यावर बसवून ठेवतात. तिच्या बाजूने बोलायला कुणी नाही. जिने पाहिलं तीच आरोपी.

तुला हसू येत असेल तर मला चालेल. नाही, मला माहीत आहे तुला येणार नाही.

तुझ्या वेळी मी काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल. त्या अंगणवाडीच्या बाईला जीपने उडवलं, तू शाळेच्या फाटकातून पाहिलंस, पोलिसांना सांगितलंस, आणि कोर्टात म्हणालास की काही पाहिलं नाही. मी इथून चार पानी पत्र लिहिलं. 'आबांनी शिकवलेलं सगळं तू त्या जीपखाली घातलंस.' ते वाक्य मला इतकं आवडलं की तुझं नाव गाळून मी ते फेसबुकवरही टाकलं. तालुक्यात कुणाला कळलं नसेल? शाळेत तुझ्याकडे पोरं कशी बघत असतील, याचा विचार मी एक मिनिटही केला नाही. त्या आठवड्यात तुझ्या घरी कोण आलं होतं, ते कुठे बसले, रुचाच्या कॉलेजचं नाव त्यांनी घेतलं का, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारते. कोण आलं होतं रे?

तू एका ओळीचं उत्तर पाठवलं होतंस. 'ताई, तू इथे नव्हतीस.' मी ते फाडून टाकलं होतं.

आता कामाचं. सोबत एक फोटो आहे. जपून हाताळ. समारंभाच्या आदल्या दिवशी, पंधरा तारखेच्या दुपारी, मी गॅलरीतून त्या दिव्यांची टिंगल करायला काढला होता. शिडीवर एक माणूस आहे, दिव्याची पेटी उघडी आहे, पिवळी तार कमानीपर्यंत जाताना दिसते, आणि खाली छत्री घेऊन बोट दाखवत अण्णन उभा आहे. तोंड स्पष्ट आहे. त्यांनी फोनमधून पुसला, पण पुसलेले फोटो महिनाभर फोनच्या कचरापेटीत राहतात, हे त्या माणसाला सुचलं नाही आणि मला दोन दिवसांनी सुचलं. काल टी. नगरला गेले. आपल्या भागातलं दुकान नको म्हणून साड्यांच्या दुकानांमागच्या एका स्टुडिओत छापून घेतला. मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत जीव मुठीत धरून उभी होते. दोन प्रती. एक ब्लाउजच्या कपाटात, एक तुला.

उद्या सकाळी दहाला सेल्वीला पुन्हा बोलावलंय. प्राणेश रजा काढून येतो म्हणालाय. मी फोटो घेऊन जाणार, असं लिहायला हात धजत नाही. जाईन असं वाटतं. पण शनिवारी दारात उभी राहिले तेव्हाही मला वाटत होतं की मी काही सांगणार नाही. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. ठाण्याच्या पायरीवर अण्णन भेटला आणि त्याने नुसतं "अम्मा" म्हटलं, तर मी काय बोलेन ते मला माहीत नाही.

म्हणून हा तुझ्याकडे. ऊर्मीला देऊ नकोस, ती मला वाचवायला बघेल. मी रविवारी पाच वाजता तुला फोन करीन. मी गेले होते, फोटो दिला, असं म्हटलं तर हा जपून ठेव. मी म्हटलं की कसला फोटो, असं काही नव्हतंच, तर माझ्याशी वाद घालू नकोस. मला काही बोलूही नकोस. गाडी पकडून ये आणि हा त्या ठाण्यात नेऊन दे. बहीण खोटं बोलतेय असं सांग. सेल्वीचं नाव सांग.

हे काम एखाद्या शूर माणसाला सांगता आलं असतं. पण तो मला ओळखणार नाही. तू ओळखशील, मी फोनवर तोंड उघडताच ओळखशील. आणि एकदा जे जमलं नाही ते मनात घेऊन अकरा वर्षं जगलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

माझ्या त्या पत्राची माफी मागते. ती तू द्यावीस असं नाही.

घराला कुलूप लावून आता पोस्टात जाते, स्पीड पोस्टने टाकते म्हणजे शनिवारपर्यंत तुला मिळेल. मोटरसायकल समोरच आहे.

आता इथेच असलेली,
तुझी ताई