लाल शाईची बरोबरची खूण

सोम., ३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट. साडेचारला घरी. वैशालीच्या इंग्रजीच्या ट्यूशनला तिसरीची सात पोरं, आठवा मी. बायकोच्याच हाताखाली शिकायची वेळ बावन्नाव्या वर्षी आली. वाक्य कॅपिटलने सुरू, नावाला कॅपिटल, शेवटी फुलस्टॉप. बारापैकी सात. पोरांसमोर मार्क सांगू नकोस म्हटलं होतं, तरी सांगितले.

नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये अठ्ठावीस वर्षं लॉगबुक भरतोय, पण सगळं मोठ्या लिपीत, टिंब नाही, काही नाही. PUMP B STOP VALVE OPEN. प्लांटमध्ये सगळे असंच लिहितात. आता सहा महिन्यांच्या बोलीवर शिफ्ट इन्चार्ज केलंय, तर रिपोर्ट पूर्ण वाक्यांत हवा. नाही जमलं तर परत कंट्रोल पॅनेलवर ऑपरेटर.

शुक्र., ७ फेब्रु.
बारापैकी दहा. स्वल्पविराम कुठे द्यायचा ते अजून अंदाजपंचे. मांजर-उंदरांची वाक्यं बंद. वैशाली म्हणते, रोज प्लांटमध्ये काय झालं ते लिहा, मी तपासते. बरं वाटलं. पहिल्यांदाच तिला कळतंय मी दिवसभर काय करतो ते.

मंगळ., ११ फेब्रु.
भरतच्या डोळ्यात कॉस्टिक सोडा गेला. डावा डोळा. लाईनचा जोड उघडताना आत राहिलेलं उडालं. पंधरा मिनिटं पाण्याखाली धरला, त्याची पापणी मी माझ्या बोटांनी उघडी धरली. ओरडला नाही, माझं मनगट धरून ठेवलं फक्त. ॲम्ब्युलन्स. गॉगल खुंटीवरच होता.
एकोणीस वर्षं बरोबर आहोत. माझ्या हाताखाली आला तो गेल्या महिन्यापासून.
रिपोर्ट सोमवारी, मीच लिहायचा. इंग्रजीत.

बुध., १२ फेब्रु.
वहीत कच्चा लिहिला. सहा वाक्यं. तिसरं: I told him to wear goggles. त्याला गॉगल घालायला सांगितलं होतं, असं.
वैशालीने लाल पेनने सहाही वाक्यांना बरोबरची खूण केली. एकही चूक नाही. म्हणाली, बघा, जमलं की नाही. ताट तसंच सारून उठलो.

गुरु., १३ फेब्रु.
निदान इथे तरी लिहितो. मी सांगितलं नव्हतं.
टँकर गेटवर थांबलेला, ड्रायव्हरची कटकट. भरत माझ्यासमोरून गेला, गॉगल न घालता. मी पाहिलं. सांगणार होतो, तेवढ्यात फोन. फोनवर हात ठेवून एवढंच म्हणालो, भरत, जलदी कर. बस.
ते तिसरं वाक्य राहिलं तर चूक त्याची. काढलं तर माझी, आणि इन्चार्जपण गेलं. लाज वाटते की आधी इन्चार्जपणाचाच विचार आला.

शनि., १५ फेब्रु.
हॉस्पिटल. डोळ्यावर पट्टी. दिसेल की नाही, डॉ. पुढच्या आठवड्यात सांगणार. त्याची बायको ज्योत्स्नाबेन चहा घेऊन आली. भरत हळूच म्हणाला, "भाऊ, तमे तो कह्युं ज हशे. मने संभळायुं नहीं होय."
मी सांगितलंच असणार, आणि त्यालाच ऐकू आलं नसेल. असं तो धरूनच चाललाय.
हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चहा प्यालो आणि निघालो. एवढा हलका माणूस मी कधी नव्हतो.

रवि., १६ फेब्रु.
सकाळी वैशालीला सांगून टाकलं. कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले. वाटलं चिडेल. तिने एवढंच विचारलं, भरतभाईंना माहीत आहे? म्हटलं, तो उलटंच समजतोय.
मग कपाटातून वही काढून आणली, ते पान उघडलं. स्वतःच्या लाल खुणांकडे बघत बसली. म्हटलं, तुझी काय चूक, तुला कुठे माहीत होतं.
"आता लिहाल ते तुमचं तुम्ही लिहा," म्हणाली. "मी तपासणार नाही."
आणि उरलेल्या घड्या घालायला बसली.

सोम., १७ फेब्रु.
आज जनरल शिफ्टला बोलावलंय. अकराला रिपोर्ट घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये.
पहाटे उठून नवीन कागद लिहिला. I saw him without goggles. I did not tell him. बाकीची वाक्यं तीच. कॅपिटल बघितले, टिंबं बघितली. स्वल्पविराम एका ठिकाणी चुकला असेल, असू दे. वैशालीने चहा दिला, कागदाकडे बघितलं नाही. डब्यात आज शिरा मात्र दिला.

आधी भरतला सांगावं म्हणून फोन लावला. ज्योत्स्नाबेननी उचलला. तो झोपलाय, निरोप काय देऊ, म्हणाल्या. म्हटलं निरोप नको, मीच येऊन सांगतो. मग त्याच सांगू लागल्या, काल कंपनीची माणसं येऊन गेली. भरतने त्यांना सांगितलं, भाऊंनी बजावलं होतं, माझीच चूक. लिहून घेतलं, सहीसुद्धा केली त्याने.

म्हणजे आता मी गप्प बसलो तरी कोणी विचारणार नाही.

कंपनीची बस कोपऱ्यावर आलीय, ड्रायव्हर हॉर्न देतोय. माझ्या कागदावर सही करायची राहिली आहे.